इलेक्ट्रिक कुकरमधल्या पोर्क रिब्ज: मऊ झाल्या, पण बार्बेक्यू म्हणू का?

अमेरिकेत कॅन्सस सिटीत राहून प्रेशर कुकरमध्ये रिब्ज (डुकराच्या बरगड्या) करणं म्हंजे कोल्हापुरात राहून पाकिटातला तांबडा रस्सा गरम करून खाण्यासारखं आहे, हे मला माहितीय, कोणी सांगायची गरज नाही. इथे गल्लोगल्ली बार्बेक्यू आहे. शनिवारी सकाळी खिडकी उघडली की कोणाच्या ना कोणाच्या बॅकयार्डातून हिकरीच्या लाकडाचा धूर येतोच आणि नाश्त्याला पोहे खाताना मन दुसरीकडेच जातं. पण शनिवार आठवड्यातून एकदाच येतो. मंगळवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून आल्यावर सहा तास स्मोकरपाशी, म्हंजे लाकडाच्या धुरावर मांस मंद शिजवायच्या भट्टीपाशी, कोण बसणार? म्हणून मागच्या हिवाळ्यात सेलमध्ये ऐंशी डॉलरला सहा क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा) इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे आणि तशीही या कुकरांची जात सगळी सारखीच. आत्तापर्यंत त्यात चौदा-पंधरा वेळा तरी रिब्ज झाल्या असतील, तर आता रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं समजतो.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी वसईचा, आमच्याकडे ख्रिसमसला आणि लग्नात पोर्क नसेल तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत पण वर्षभर आठवण काढतात. त्यामुळे पोर्क नवीन नव्हतं. नवीन होतं ते ही अख्खी बरगडीची पट्टी न तोडता शिजवणं. आई इंदियाल (आमचं व्हिनेगरवालं पोर्क) करायची तेव्हा मांसाचे तुकडे, व्हिनेगर, मसाला आणि मंद आच, दुपारभर. आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागायचं.

आता मुद्द्याचं. रिब्ज घेताना बेबी बॅक घ्या. नाव बेबी असलं तरी पिल्लाच्या नसतात हो, पाठीच्या कण्याजवळच्या वरच्या बरगड्या, आखूड आणि वाकलेल्या, एका रॅकमध्ये, म्हंजे अख्ख्या पट्टीत, साधारण दहा ते तेरा हाडं. त्याखालच्या पोटाकडच्या मोठ्या त्या स्पेअर रिब्ज, आणि त्याच टोकं कापून चौकोनी केल्या की सेंट लुईस कट. सेंट लुईसला चरबी जास्त, चव पण माझ्या मते जास्त, पण कुकरच्या भांड्यात त्या नीट वळत नाहीत, पट्टी रुंद असल्याने झाकणाला लागते. बेबी बॅक मात्र गोल वळवून, हाडाची बाजू आत ठेवून, जाळीवर उभी केली की मस्त बसते. सहा क्वार्टमध्ये एक रॅक आरामात, दोन कोंबून. चार माणसांचं घर असेल तर सरळ आठ क्वार्टचा घ्या, मी घेतला नाही आणि दर वेळी दुसरा रॅक आत घालताना शिव्या देतो.

मागच्या बाजूला एक पातळ पांढरा पापुद्रा असतो तो काढायचा म्हंजे काढायचाच. एका टोकाला सुरीने उचकटायचा आणि पेपर टॉवेलने धरून ओढायचा, नुसत्या बोटांनी धरलात तर सटकतो. हा राहिला तर कुकर कितीही भारी असो, खाताना दातात रबर आल्यासारखं होतं. पहिल्या वेळी मी काढला नव्हता, बायको म्हणाली प्लास्टिक राहिलंय का बघ रे.

मसाला म्हंजे इथला रब: ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मीठ, मिरी, लसणाची आणि कांद्याची पावडर. हे झालं पुस्तकातलं. मी त्यात दोन चमचे बॉटल मसाला घालतो, वसईवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी म्हंजे आमच्याकडे उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसेक मसाले भाजून कुटून बाटलीत ठासून भरतात तो. गुळचट साखर आणि बॉटल मसाला हे लग्न टिकणार नाही असं वाटलं होतं पण छान संसार चाललाय.

खाली एक कप पाणी आणि अर्धा कप अॅपल सायडर व्हिनेगर. बस. सॉस आत घालायचा नाही!! हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं. बार्बेक्यू सॉसमध्ये साखर, मोलॅसिस (काळी काकवी), टोमॅटो, सगळं घट्ट, ते तळाला जाऊन बसतं, भांडं खालून तापतं, मग सेन्सरला कळतं आणि पडद्यावर बर्न असं येऊन मशीन रुसून बसतं. माझं दोनदा झालं. मग झाकण उघडा, मांस बाहेर काढा, तळ खरवडा, परत पहिल्यापासून. आणि दूध, क्रीम, घट्ट ग्रेव्ही कशालाही हाच नियम.

हाय प्रेशरवर किती मिनिटं यावर मी बरंच डोकं घालवलंय. बहुतेक रेसिप्या पंचवीस ते तीस सांगतात. तीस मिनिटांनी काय होतं तर रॅक चिमट्याने उचलला की हाडं तुमच्या हातात आणि मांस भांड्यात. घरी पाहुणे यावर खूश होतात, हाडावरून गळून पडतंय म्हणून फोटो काढतात. पण या गावात, जिथे १९८५ साली कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी सुरू झाली आणि जिचे जज देशभर स्पर्धांमध्ये मार्क देतात, तिथे गळून पडलेली रिब म्हंजे जास्त शिजलेली रिब. त्यांना काय हवं असतं, तर चावा घेतला की तेवढंच मांस निघून यावं आणि हाडावर दातांची खूण राहावी. मी पण आता त्याच पंथात आहे. बेबी बॅकला बावीस मिनिटं, मग दहा मिनिटं आपोआप प्रेशर उतरू द्यायचं आणि नंतर उरलेलं सोडायचं. सेंट लुईस असेल तर तीस. एकदम वाफ सोडून दिली तर मांस आवळतं आणि कोरडं वाटतं, तेवढा धीर धरा.

आपल्या लोकांना पहिल्यांदा त्रास होतो तो शिट्टीचा. शिट्टीच नाही! आयुष्य गेलं तीन शिट्ट्या भात, पाच शिट्ट्या चणे करण्यात, आणि हे यंत्र आपलं शांत बसून आकडे मोजतं. पहिले दोन महिने मी किचनमधून बाहेर गेलो की कान तिकडेच. आणि दुसरं म्हंजे बावीस मिनिटं हा आकडा फसवा आहे, प्रेशर यायलाच बारा-पंधरा मिनिटं लागतात, मग बावीस, मग दहा, मग ओव्हन, सगळं मिळून एक तास पकडा. खोक्यावर झटपट लिहिलंय ते त्या हिशोबाने वाचा. तरी स्मोकरपुढे एक तास म्हंजे काहीच नाही, तिथे स्पेअर रिब्जचं गणित तीन-दोन-एक असं सांगतात, २२५ फॅरनहाइटला तीन तास धूर, दोन तास फॉइलमध्ये, एक तास सॉस लावून.

हा फरक का पडतो ते समजलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही. बरगडीच्या मांसात कोलॅजन भरपूर, चिवट, ते ओलाव्यात गरम राहिलं की हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, बोटं चिकट होतात ना ती त्यानेच. स्मोकरमध्ये मांसातून पाणी उडत राहतं आणि घाम आल्यासारखं मांस गार होत राहतं म्हणून तास न् तास जातात. कुकरमध्ये वाफ कोंडलेली, पाणी ११५ सेल्सियसच्या पुढे जाऊन उकळतं, उडायला जागा नाही, काम उरकलं. मजा म्हंजे १६७९ मध्ये डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये पहिला प्रेशर कुकर केला तोच मुळी हाडं मऊ करायला. म्हंजे आपण काही पाप करत नाहीयोत, मूळ उपयोगाकडे परत आलोय.

पण. झाकण उघडल्यावर जे दिसतं ते बघून पहिल्यांदा माझा चेहरा पडला होता. करडी, ओली, उकडलेली पट्टी. हॉस्पिटलच्या जेवणासारखी. कारण ओल्या वाफेत मांस लाल-तपकिरी होत नाही, खरपूसपणा येत नाही, आणि स्मोकरमधल्या रिब्जना कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसतो तोही येत नाही, तो लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाच्या रंगाला धरतो म्हणून येतो, आणि इथे लाकूडच नाही. लिक्विड स्मोक म्हणून धुराच्या अर्काची बाटली मिळते, चार थेंब पाण्यात टाकले तर वास येतो, सहा टाकले तर वाटतं की शेजाऱ्याचं गॅरेज जळतंय.

म्हणून कुकरनंतरची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. रॅक फॉइल लावलेल्या ट्रेवर, पेपरने टिपून कोरडा, सॉसचा एक हात, ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (वरून भाजणारी कडक आच) तीन-चार मिनिटं, बाहेर काढून दुसरा हात, परत दोन-तीन मिनिटं. तिथून हलायचं नाही, फोन बघायचा नाही, साखर आहे, बुडबुडे येतात आणि पुढच्या मिनिटाला काळं पडतं. आमचा स्मोक अलार्म यात तीनदा वाजलाय आणि धाकटी आता त्याला डिनरची घंटा समजते. उन्हाळ्यात मी ब्रॉयलर बंद ठेवून बाहेर गॅस ग्रिलवर टाकतो, फॉइलच्या पुडीत मूठभर हिकरीचे तुकडे बर्नरवर, तेव्हा मात्र निम्म्याहून जास्त लढाई जिंकल्यासारखं वाटतं.

सॉस कोणता तर इथला गोड, टोमॅटो-मोलॅसिसवाला सगळ्यांना माहितीय. पण या गावाच्या बार्बेक्यूचं मूळ म्हणतात तो हेन्री पेरी, मेम्फिसकडून आलेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे भाजलेलं मांस विकायला लागलेला, त्याचा सॉस तिखट आणि झणझणीत होता, गोड नव्हता. त्याच्या हाताखालच्या चार्ली ब्रायंटकडे पुढे दुकान गेलं, मग भाऊ आर्थरकडे, आणि आर्थरने तो तिखटपणा कमी केला. आर्थर ब्रायंटचं दुकान अजून आहे, तिथला सॉस आजही बाकीच्यांपेक्षा आंबट-मसालेदार लागतो, आणि पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला थेट इंदियालची आठवण आली. व्हिनेगर, मिरची, डुक्कर. जगात कुठेही गेलात तरी ही तीन माणसं एकमेकांना शोधून काढतात वाटतं. मी घरी विकतच्या सॉसमध्ये भांड्यात उरलेलं पाणी वरची चरबी काढून आटवून घालतो, वर आणखी एक चमचा व्हिनेगर. ते पाणी फेकू नका, प्लीज. जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी त्यात राजमा शिजवा आणि मला दुवा द्या.

आता तक्रार. झाकणातली सिलिकॉनची रिंग. पोर्क, लसूण, व्हिनेगर सगळं पिऊन बसते आणि सोडत नाही. व्हिनेगरने धुतली, उन्हात ठेवली, बेकिंग सोडा झाला, फ्रीझरमध्ये ठेवून झाली. नंतर त्यात तांदळाची खीर केली, वेलची-केशर घालून, आणि पहिल्या चमच्याला सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खिरीत बार्बेक्यू. वेगळी रिंग मागवली तर कस्टमर सर्व्हिसने आधी चुकीच्या साइजची पाठवली, मग तीन आठवडे उत्तर नाही, शेवटी दुसरीकडून विकत घेतली. आता लाल रिंग मांसाहारी, पांढरी रिंग शाकाहारी, सोवळं-ओवळं आमच्याकडे अशा मार्गाने आलं. दोन रिंगा पहिल्या दिवशीच घ्या. आणि वाफ सोडायचा वॉल्व्ह कपाटाच्या खाली ठेवून उघडू नका, लाकूड फुगतं, आमचं फुगलंय.

शेजारचे आजोबा, ज्यांच्याकडे मोठा लोखंडी स्मोकर आहे आणि ज्यांच्यापासून मी कित्येक महिने हे सगळं लपवून ठेवलं होतं, त्यांना जुलैत एक प्लेट दिली. खाल्ल्या, चार हाडं खाल्ली, मसाला कसला म्हणून विचारलं, आणि मग म्हणाले की हे चांगलं आहे पण याला बार्बेक्यू म्हणू नकोस. पटलं. रिब्ज म्हणा, सॉसवाल्या रिब्ज म्हणा. पाचपैकी चार स्टार कुकरला, पाचवा रिंगने खाल्ला.

भारतात करायचं असेल तर हा महागडा डबा घ्यायची अजिबात गरज नाही. ताईने वसईत घरच्या साध्या शिट्टीवाल्या कुकरमध्ये केल्या. अख्खा रॅक तिला मिळाला नाही, खाटकाने दोन-दोन हाडांचे तुकडे करून दिले, तेच जाळीवर रचले. आपल्या कुकरचं प्रेशर या इलेक्ट्रिकपेक्षा जास्त असतं त्यामुळे पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून सोळा-सतरा मिनिटं पुरे झाली, पाणी मात्र दीड कपाखाली नको. ओव्हन तिच्याकडे नाही. तिने मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटवली, वर जाळी, सॉस लावत लावत भाजल्या, चरबी निखाऱ्यावर पडून चर्रर्र आवाज आणि धूर, व्हिडिओ कॉलवर दिसत होतं सगळं. मी इकडे कॅन्सस सिटीत लिक्विड स्मोकची बाटली हातात धरून बघत होतो.