अँटी-फ्लॅग मॅग्नेटिक बीड्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: बीड्स घ्या, सोबतचा रॅक घेऊ नका

फ्लॅग म्हणजे हव्या त्या प्रोटीनला जोडायची छोटी खूण (टॅग). अँटी-फ्लॅग बीड्स ती खूण धरतात, आणि मॅग्नेटने बीड्स ओढले की ते प्रोटीन (बेट) आणि त्याला धरून असलेले जोडीदार (इंटरॅक्टर) पेशी फोडून मिळालेल्या रसातून (लायसेट) वेगळे होतात. जोडीदार कोण ते मग मास स्पेक, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं मशीन, सांगतं. लिहायला बसायचं कारण म्हणजे ताजं पार्सल. पॅकवर ठळक छापलंय: २ ते ८ अंश, गोठवू नका. डीलरने माल पाठवला ड्राय आइसमध्ये, म्हणजे उणे ७८ अंशांत. फोनवर उत्तर मिळालं, "अहो मॅडम, थंडच आहे ना, उलट जास्तच थंड पाठवलंय." पुढे सल्ला असा की एकदा वापरून बघा, चालतील.

चालत नाहीत. हे बीड म्हणजे अ‍ॅगरोजचा सच्छिद्र गोळा, त्यात आयर्न ऑक्साइडचे कण आणि वर चिकटवलेली अँटीबॉडी. आतलं पाणी गोठलं की स्फटिक जाळी फाडतात, कण सुटतात, बीड्सचे गठ्ठे होतात. तपासणी पाच मिनिटांची. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करा, मॅग्नेटला लावा, दोन मिनिटांनी वरचं द्रावण बघा. चांगल्या लॉटमध्ये ते नितळ होतं. गोठलेल्यात तपकिरी झाक राहते, कारण सुटलेले बारीक कण मॅग्नेटकडे नीट ओढले जात नाहीत. मग २ मायक्रोलिटर स्लाइडवर घेऊन दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली ठेवा, गोल बीड्सच्या जागी तुकडे दिसतात. हे दिसल्यावर महिनाभर वाढवलेल्या पेशींचं लायसेट अशा बीड्सवर ओतू नका, डीलर काहीही म्हणो.

बदली पॅक मिळाला, पण उघडतानाचे फोटो होते म्हणून. फोटोत तीन गोष्टी एकत्र हव्यात: लेबल, उरलेला ड्राय आइस, चलन. ईमेल त्याच दिवशी. आणि पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) ओळ टाका: जेल पॅक, २ ते ८ अंश, ड्राय आइस चालणार नाही, शुक्रवारी डिस्पॅच नको. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत शनिवार-रविवार अडकलेला खोका मे महिन्यात काय होऊन बाहेर येतो ते कुलाब्यापासून खारघरपर्यंत कुठल्याही लॅबला विचारा. गोंधळाचं मूळही सांगते. याच प्रकारचे बीड्स ५० टक्के ग्लिसरॉलमध्येही मिळतात, ते उणे २० ला ठेवायचे असतात आणि तिथे गोठत नाहीत. गोदामातल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. ऑर्डर देताना आपला प्रकार कोणता ते कॅटलॉग नंबरासकट फोनवर बोलून घ्या.

आता खुद्द बीड्स. पकड उत्तम. माहितीपत्रक एका नमुन्याला ५० मायक्रोलिटर स्लरी (द्रवात मिसळलेले बीड्स) घ्यायला सांगतं, ती उधळपट्टी आहे. पॅकवरची क्षमता धरा: बसलेल्या बीड्सच्या एका एमएलला ०.६ मिलीग्रॅम फ्लॅग प्रोटीन. ५० टक्के स्लरीचे २५ मायक्रोलिटर म्हणजे बसलेले साडेबारा, म्हणजे साडेसात मायक्रोग्रॅम पकडण्याची ताकद. ५ मिलीग्रॅम लायसेटमध्ये बेट ०.१ टक्का असेल, तर ते भरतं ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे निम्म्यात काम होतं. शिवाय बीड्स कमी तर उगाच चिकटणारा कचराही कमी. तो बीडच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो, बेटवर नाही. जास्त बीड्स टाकून इंटरॅक्टर वाढत नाहीत, ट्युब्युलिनसारखं पेशीत ढीगभर असलेलं प्रोटीन वाढतं.

लायसिस बफर साधा: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए, अर्धा टक्का एनपी-४० डिटर्जंट, ऐन वेळी टाकलेले प्रोटिएज इनहिबिटर. डीटीटी अजिबात नको, अँटीबॉडीच्या साखळ्या जोडणारे डायसल्फाइड बंध तुटतात. लायसेट चिकट असेल तर डीएनए मोकळा झालाय, थोडं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा), नाहीतर बीड्स मॅग्नेटकडे सरकता सरकत नाहीत. मग सेंट्रीफ्यूजमध्ये १६,००० जीला १० मिनिटं फिरवून फक्त वरचं घ्या. बीड्ससोबत दोन तास ४ अंशांवर पुरेत. रात्रभर ठेवल्याने बेट थोडंसं वाढतं, कचरा बराच वाढतो.

आता रॅक, म्हणजे ट्यूब लावायचा मॅग्नेटचा स्टँड. किटमध्ये "मोफत" येतो, म्हणजे बीड्सच्या किमतीत घुसवलेला असतो, आणि वेगळा घेतला तर पावतीवर पाच आकडी रक्कम. या किमतीत तो आपलं एकुलतं एक काम नीट करत नाही.

दीड एमएलच्या ट्यूबचा तळ निमुळता असतो. रॅकमधला मॅग्नेट उभा, सरळ, ट्यूबच्या बाजूला. वरच्या भागात ट्यूबची भिंत मॅग्नेटला जवळजवळ टेकते. खाली कोन सुरू झाला की भिंत आत आत वळत जाते आणि टोकाशी मॅग्नेट चार-पाच मिलिमीटर दूर राहतो. त्यात प्लॅस्टिकची जाडी मिळवा. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने पडते. एक एमएल वॉश असताना काही जाणवत नाही, बीड्स वरच्या भिंतीला छान तपकिरी पट्टा धरतात. पण शेवटचं इल्यूशन, म्हणजे बीड्सवरून प्रोटीन सोडवून घेणं, असतं ५० मायक्रोलिटरचं आणि ते सगळं टोकात. तिथे बीड्स एकतर तळाशीच लोळत राहतात, किंवा आधीच्या वॉशमध्ये वर चिकटलेले कोरडे पडून तिथेच राहतात. पहिल्या प्रकारात पिपेटबरोबर बीड्स इल्यूएटमध्ये (सोडवून घेतलेल्या द्रावणात) येतात. दुसऱ्यात इंटरॅक्टर भिंतीवर वाळतात.

इल्यूएटमधले बीड्स वेस्टर्न (जेलनंतर अँटीबॉडीने ठरावीक प्रोटीन शोधणं) करणाऱ्याला त्रास देत नाहीत, म्हणून कंपनीच्या प्रात्यक्षिकात हे कधी दिसत नाही. मास स्पेकला देतात. मशीनच्या आधी पेप्टाइड वेगळे करणाऱ्या नॅनो-एलसीचा कॉलम ७५ मायक्रॉन आतल्या व्यासाचा, प्रवाह मिनिटाला ३०० नॅनोलिटर, आणि बीड वीस मायक्रॉनच्या पुढचा. ट्रॅप कॉलमच्या तोंडाशी चार बीड्स बसले की दाब चढतो, आणि सामायिक मशीन असेल तर तुमच्यामागच्या रांगेतल्या सगळ्यांचे नमुने थांबतात. त्यानंतर मशीन सांभाळणारी व्यक्ती तुमच्याशी वर्षभर कशी बोलते ते वेगळं.

उपाय स्वस्त आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एन-५२ निओडिमियमचे चौकोनी तुकडे विकत मिळतात, २० बाय १० बाय ५ मिलिमीटरचे घ्या. अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्याकडून ११ मिलिमीटर भोकांची पट्टी कापून घ्या, दीड एमएलची ट्यूब त्यात बसते. मॅग्नेट उभा न चिकटवता ट्यूबच्या कोनाला समांतर, जरा तिरपा चिकटवा, मधे प्लॅस्टिक नको. दोन भागांचा इपॉक्सी, रात्रभर वाळू द्या. दोन मॅग्नेट एकमेकांवर आदळू देऊ नका, कडा उडतात, आणि निकेलचा मुलामा एकदा उडाला की आपल्या खाऱ्या हवेत आतला धातू गंजून भुगा होतो. ऑटोक्लेव्ह तर नाहीच, साध्या एन ग्रेडची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची घटते. कुणाकडे पेसमेकर असेल तर त्याने हात लावू नये.

वापरतानाही क्रम पाळा. रोटेटरवरून काढलेल्या ट्यूबच्या झाकणात बीड्स अडकतात, म्हणून आधी दोन सेकंदांचा हलका स्पिन, मग मॅग्नेट. शेवटचा वॉश काढण्याआधी सगळं नव्या लो-बाइंड ट्यूबमध्ये हलवा, कारण जुन्या ट्यूबच्या भिंतीला चिकटलेलं ट्युब्युलिन आणि हीट शॉक प्रोटीन इल्यूशनमध्ये उतरतं. ही एक पायरी सगळ्या महागड्या वॉश बफरांपेक्षा जास्त पार्श्वभूमी कमी करते.

इथपर्यंतचं मत होतं पाचपैकी दोन तारे. रॅक हे एक कारण, दुसरं अँटीबॉडीची गळती. पहिल्या लॉटमध्ये जेलवर ५० आणि २५ किलोडाल्टनला जाडजूड पट्टे, म्हणजे अँटीबॉडीच्या हेवी आणि लाइट चेन (मोठी आणि छोटी साखळी). थेट बीड्सवर ट्रिप्सिन (प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम) चालवलं की मास स्पेकच्या यादीच्या डोक्यावर उंदराचं इम्युनोग्लोब्युलिन. त्यानंतर आलेल्या लॉटमध्ये गळती जवळजवळ नाही. कॅटलॉग नंबर तोच, लॉट नंबर वेगळा. त्यामुळे मत बदलतेय: साडेतीन तारे, पण लॉट तपासल्याशिवाय नाही.

तपासायची पद्धत अशी. १० मायक्रोलिटर बीड्स, लायसेट नाही, डीटीटी नसलेल्या एसडीएस बफरमध्ये उकळा आणि जेलवर चढवा. डीटीटी नसल्यामुळे घट्ट जोडलेली अँटीबॉडी बीडवरच राहते, नुसती चिकटलेली तेवढी सुटते आणि १५० किलोडाल्टनच्या आसपास दिसते. पट्टा जाड असेल तर लॉट परत करा. चांगला निघाला तर त्याच लॉटचे पुढचे पॅक राखून ठेवायला डीलरला लेखी सांगा. एका प्रकल्पात दोन लॉट मिसळले की कंट्रोल आणि नमुना यांची तुलनाच मोडते.

इल्यूशनसाठी ग्लायसिन पीएच ३ पेक्षा ३एक्स-फ्लॅग पेप्टाइड बरं. मिलीलिटरला १५० मायक्रोग्रॅम, ५० मायक्रोलिटर, ४ अंशांवर अर्धा तास हलवत, दोनदा. पेप्टाइड महाग वाटतं, पण हिशेब करा: नमुन्याला १५ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ४ मिलीग्रॅमच्या कुपीत अडीचशेहून जास्त नमुने. ५ मिलीग्रॅम प्रति एमएल स्टॉक करून छोट्या भागांत उणे २० ला ठेवा. हे पेप्टाइड इल्यूएटमध्ये ढीगभर असतं आणि मास स्पेकमध्ये इतरांचा सिग्नल दाबतं, म्हणून जेलमध्ये सेंटिमीटरभर आत नेऊन तेवढा तुकडा कापा. तीनेक किलोडाल्टनचं पेप्टाइड डाय फ्रंटबरोबर निघून जातं. पुढे नेहमीचंच: १० मिलिमोलर डीटीटी ५६ अंशांवर अर्धा तास, आयोडोअ‍ॅसिटमाइड अंधारात अर्धा तास, ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ट्रिप्सिन ३७ अंशांवर रात्रभर, फॉर्मिक आम्लाने थांबवून सी-१८ टिपवर साफ.

जेल टाळून बीड्सवरच ट्रिप्सिन चालवणार असाल तर शेवटचे दोन-तीन वॉश साध्या टीबीएसचे (ट्रिस आणि मीठ, डिटर्जंट नाही) हवेतच. एक तर एनपी-४० उरला की मास स्पेकमध्ये ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांच्या शिड्या दिसतात, दुहेरी प्रभार असेल तर २२, आणि त्या कॉलममधून दिवसभर निघत राहतात. दुसरं म्हणजे लायसिसमधले सेरिन प्रोटिएज इनहिबिटर उरले तर ट्रिप्सिनही सेरिन प्रोटिएजच आहे, तेही बंद. युरिया वापरत असाल तर ट्रिप्सिन टाकताना २ मोलरच्या वर नको आणि ३७ अंशांच्या वर तापवू नका, पेप्टाइड कार्बामिलेट होतात. नमुना देण्याआधी १६,००० जीला १० मिनिटं फिरवा आणि तळचे ३ मायक्रोलिटर तसेच सोडा, म्हणजे चुकार बीड व्हायलमध्ये जात नाही. केराटिनबद्दल (त्वचा, केस, लोकर यांतून नमुन्यात पडणारं प्रोटीन) वेगळं लिहीत नाही. मुंबईत लोकरीचा प्रश्न नाही, पण एसीच्या तोंडाखाली जेल कापत बसू नका.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सापडणार नाही. यादीत पीआरएमटी५ हे प्रोटीन आणि त्याचा जोडीदार एमईपी५० वरच्या क्रमांकावर दिसले तर पेढे वाटू नका. फ्लॅगची एम२ अँटीबॉडी पीआरएमटी५ ला स्वतःच धरते, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. म्हणून नुसता टॅग व्यक्त करणाऱ्या पेशींचा कंट्रोल, तोही तीनदा, नमुन्याच्याच दिवशी, त्याच लॉटवर. २०१३ पासून क्रॅपोम हा पार्श्वभूमीच्या प्रोटीनांचा साठा उपलब्ध आहे, त्याच्याशी यादी ताडून बघा, पण त्याने स्वतःचा कंट्रोल वाचत नाही. बेटला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) टॅग असेल तर नॅनोबॉडी बीड्स घेणं सरळ. नॅनोबॉडी म्हणजे अल्पाकाच्या अँटीबॉडीची एकच छोटी साखळी, १५ किलोडाल्टनच्या आतबाहेर, हेवी-लाइट चेनचा प्रश्नच नाही. पण आधीच फ्लॅगचे क्लोन हातात असतील तर फक्त यासाठी क्लोनिंग पुन्हा करू नका.

बीड्स तीनदा वापरता येतात असा कंपनीचा दावा आहे. वेस्टर्नपुरता तो खरा: ०.१ मोलर ग्लायसिन पीएच ३, वीस मिनिटांपेक्षा कमी, लगेच टीबीएसने पीएच परत वर आणा, नाहीतर अँटीबॉडी मरते. मास स्पेकसाठी मात्र नाही. आधीच्या बेटचे अंश राहतात, वेस्टर्नला ते दिसत नाहीत आणि मशीनला दिसतात. वापरलेले बीड्स ०.०२ टक्के सोडियम अझाइडमध्ये ४ अंशांवर ठेवा, ट्यूबवर बेटचं नाव लिहा आणि त्याच बेटच्या वेस्टर्नला वापरा. पैसे तिथे वाचवा. नव्या बीड्सच्या बिलात मात्र रॅकची ओळ दिसली तर कोटेशन परत पाठवा.