बोलेरोला बसवलेलं पाण्यावरचं हायड्रोजन किट, आठ महिन्यांनंतर

गाडीला हायड्रोजन किट बसवून आठ महिने झाले, गावातलं नाही तर पाहुण्यातलं दर दोन दिवसाआड कोणी ना कोणी फोन करून विचारून राहिलं की भाऊ आम्ही पण बसवू का, म्हणून एकदाच सगळं लिहितो. बसवू नका. माझे अठरा हजार गेले, तुमचे जाऊ नये एवढ्यासाठी हे लिहून राहिलो.

गाडी बोलेरो, डिझेल, २०१४ ची. गाव दर्यापूर तालुक्यात, अमरावतीला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होते, शिवाय मूर्तिजापूर, बाजार समिती, शेत, कोणाचा दवाखाना. किट म्हणजे स्टीलच्या पाट्यांचा एक डबा, त्यात डिस्टिल वॉटर अन् कॉस्टिक पोटॅश, गाडीचा करंट दिला की पाण्यातून हायड्रोजन अन् ऑक्सिजन सुटते अन् तो गॅस बबलरमधून, म्हणजे पाणी भरलेल्या छोट्या डबीतून, इंजिनच्या हवेच्या पाइपात जाते. विकणाऱ्यानं सांगितलं अॅव्हरेज तीस टक्के वाढते. मोबाईलवर गडकरी साहेबांचा व्हिडिओ दाखवला, ३० मार्च २०२२ ला ते हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते तो. आपला नागपूरचा माणूस त्या गाडीतून उतरताना दिसला की विश्वास बसतेच. पण ती टोयोटा मिराई होती अन् तिचा या डब्याशी काडीचा संबंध नाही, ते पुढे सांगतो.

पहिल्या टाकीला १३.४ चं अॅव्हरेज निघालं. आधी ११.८ होतं. मी चार लोकांना फोन करून सांगितलं, त्यातल्या दोघांनी बसवूनही घेतलं, त्याचं आजही वाईट वाटते. मग दुसरी टाकी १२.३, तिसरी ११.७. नंतर ध्यानात आलं की किट बसवल्यावर मीच गाडी साठच्या वर नेत नव्हतो, क्लच-गिअर सांभाळून चालवत होतो, नवीन वस्तूचा माणसावर असा परिणाम होते. म्हणून पुतण्याला गाडी दिली अन् किट चालू आहे की बंद ते त्याला सांगितलंच नाही, फ्यूज मी गुपचूप काढायचो-लावायचो. सहा टाक्या, दर वेळी त्याच पंपावर, काठोकाठ भरून. किट बंद असताना ११.८, ११.९, ११.७. चालू असताना ११.५, ११.६, ११.४. म्हणजे किटमुळे अॅव्हरेज थोडं कमीच होऊन राहिलं होतं.

हे असं काऊन, ते पोरीनं काढलं. ती बारावी सायन्सला आहे, विद्युतरसायनचा धडा नुकताच झालेला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा की बाबा, डब्यातलं पाणी किती संपते? मी तर वहीत लिहून ठेवतच होतो, अमरावतीची एक चक्कर झाली की ७०-८० मिली पाणी टाकावं लागायचं. ती म्हणाली तेवढ्याच पाण्यातून निघालेलं हायड्रोजन तुमच्या इंजिनात गेलं, त्याच्यापेक्षा जास्त येणार कुठून. पाण्याच्या वजनाचा नववा हिस्सा हायड्रोजन असते, म्हणजे पूर्ण चकरेत आठ-नऊ ग्रॅम, अन् तेवढ्याच चकरेत गाडी नऊ लिटर डिझेल पिते. मग तिनं फॅरेडेच्या नियमानं, म्हणजे किती करंटला किती गॅस सुटते त्या हिशोबानं, मांडून दाखवलं, १५ अॅम्पियरवर सहा सेलच्या डब्यातून तासाला फार तर ३.४ ग्रॅम हायड्रोजन सुटते, त्यातली उष्णता म्हणजे साधारण ११ मिली डिझेल. अन् तो १५ अॅम्पियर करंट देणारा अल्टरनेटर इंजिनच फिरवते ना. अल्टरनेटरमध्ये निम्म्याजवळ शक्ती जाते, इंजिन डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही काम देत नाही, सगळं धरलं तर तासाला सव्वाशे मिली डिझेल जाळून ११ मिलीचं हायड्रोजन हाती येते. माझ्या वहीतला फरक तेवढाच निघाला, तीनेक टक्के. त्या रात्री मी वही घेऊन बराच वेळ बसलो होतो.

विकणारे अजून एक सांगतात की हायड्रोजनमुळे न जळलेलं डिझेल पूर्ण जळते. इंजिन धड असलं तर ९८ टक्क्याच्या वर डिझेल तसंच जळते, उरलेल्यातून तीस टक्के वाढ कुठून काढणार. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसानं पाण्यावर गाडी चालवतो म्हणून पैसे घेतले होते, १९९६ ला ओहायोच्या कोर्टानं ती फसवणूक ठरवून पैसे परत द्यायला लावले. एवढी जुनी गोष्ट आहे ही.

आता त्रासाचं. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. एकदा डिस्टिल वॉटर संपलं अन् मिस्त्रीच्या पोरानं बोअरचं पाणी टाकलं, थोड्या वेळात ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला, मीठ असलं की क्लोरिन निघते, दोन दिवसात पाट्या तपकिरी अन् पाण्यात गाळ. मे महिन्यात तर डबा इतका तापायचा की फेस वर चढून पोटॅशचं पाणी पाइपात जायचं, ते हातावर पडलं तर कातडं जाळते, ॲल्युमिनियमला खाते. अन् हायड्रोजन-ऑक्सिजन मिसळलेला गॅस आहे हा, बबलरमध्ये पाणी कमी झालं अन् मागून ज्वाला आली तर डबा फुटू शकते. घरची लेकरं त्याच गाडीत बसतात राजेहो. वरून आरसीवर नोंद नसलेला बदल, उद्या गाडी पेटली तर विम्यावाला काय म्हणेल ते सांगायला नको.

मिराईचं वेगळं आहे. तिच्यात हायड्रोजन बाहेरून भरून आणतात, ५.६ किलो, ७०० बार दाबाच्या टाक्यांत, अन् फ्यूल सेलमध्ये त्याची वीज होऊन मोटर फिरते, मागून फक्त पाणी निघते. चांगली गाडी आहे, मला आवडते. पण ते हायड्रोजन बनवायला किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. माझ्या शेतात पाच एचपीचा सोलर पंप आहे, त्याच्या पॅनलवर दिवसाला वीसेक युनिट निघतात, म्हणजे मिराईची एक टाकी भरायला पंधरा दिवसांची वीज, गाडी साडेसहाशे किलोमीटर जाईल. तीच ३०० युनिट बॅटरीच्या गाडीत भरली तर तिपटीच्या आसपास अंतर जाते. पाणी म्हणजे हायड्रोजनची राखच आहे, जळून झालेली, तिला परत पेटवायचं तर जेवढी शक्ती मिळणार त्याहून जास्त आधी घालावी लागते, हे मला आठ महिन्यात कळलं.

अन् हायड्रोजन म्हणजे सगळंच खोटं असंही कोणी धरू नका. आपण शेतात टाकतो तो युरिया अमोनियापासून होते अन् अमोनिया हायड्रोजनपासून, ते आज मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनाचं लक्ष्य आहे, त्यातलं बरंचसं खताला अन् कारखान्यांना लागेल. आपल्या गावात ते गाडीच्या आधी युरियाच्या पोत्यातून येईल असं मला वाटते, अन् ते झालं तर मला आनंदच आहे.

किट मागच्या महिन्यात काढून टाकलं. काढल्यावरच्या दोन टाक्या ११.८ अन् ११.९. ज्या दोघांनी माझ्या सांगण्यावरून बसवलं त्यांच्या घरी जाऊन वही दाखवली, एकानं लगेच काढलं, दुसरा म्हणते मला फरक पडून राहिला. त्याला एवढंच म्हटलं की दादा, एक महिना डब्यात किती पाणी टाकलं ते मापून लिही, मग आपण बसू. तुमच्याकडे असंल तर तुम्ही पण लिहा अन् मला सांगा. काढताना हातमोजे घाला, आधी फ्यूज काढा, अन् पोटॅशचं पाणी नालीत नका ओतू, ढोरं तोंड लावतात.