गॅस किटचे अकरा महिने: मिसिंग, तीनदा ट्यूनिंग आणि चार खोटारडे दिवे

किट बसवून अकरा महिने आणि साधारण 14,000 किलोमीटर झाले. एलपीजीचं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला इंधन सोडणारा वेगळा इंजेक्टर), चार सिलिंडरचं इंजिन, टाकी स्टेपनीच्या जागी. बाकी माहिती सगळ्यांना ठाऊक असते, त्यात शिरत नाही. लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी की गेले तीन महिने सिग्नलला उभं राहिलं की गाडी थरथरायची, बायको दर वेळी "बंद पडतेय का?" विचारायची आणि फिटरचं ठरलेलं उत्तर यायचं, "साहेब, गॅसवर एवढं चालायचंच."

नाही चालायचं. पहिले सात-आठ महिने गाडी गॅसवर आहे की पेट्रोलवर हे कानाला कळतही नव्हतं. मग सुरुवात अशी झाली: सकाळी पेट्रोलवर सुरू, इंजिन कोमट झालं की टक् करून गॅसवर, आणि लगेच दोन-तीन मिनिटं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. गरम झाल्यावर ठीक. पुढे ही दोन मिनिटं दहा झाली, मग दिवसभराचीच झाली. स्विच दाबून पेट्रोलवर घेतलं की इंजिन पुन्हा गुळगुळीत. म्हणजे दुखणं गॅसच्या बाजूला, असं माझं गणित.

आता त्या स्विचबद्दल. चार हिरवे दिवे आणि एक लाल. टाकी 80 टक्क्यांच्या वर भरत नाही, भरूही नये, ते मान्य. पण पहिला दिवा विझायला दोनशे किलोमीटर आणि उरलेले तीन पुढच्या ऐंशीत? हा गॅसचा काटा आहे की थट्टा? आणि गॅस संपला की जी पिपाणी वाजते तिचा आवाज कमी करायची सोय नाही. एवढा पैसा घेता, दिवे तरी खरे बोलणारे द्या! फिटरला विचारलं तर म्हणे सगळ्यांचे असेच. मी तेव्हापासून वहीत लिटर आणि किलोमीटर लिहितो, दिव्यांकडे बघत नाही. (बघतो. दर वेळी बघतो आणि चिडतो.)

वही मात्र कामाला आली. पेट्रोलवर लिटरला 15, गॅसवर 12. गॅसच्या लिटरमध्ये ताकद कमी असते, त्यामुळे हा फरक अपेक्षितच. मिसिंग सुरू झाल्यावर तो आकडा साडेदहावर आला. ज्या बचतीसाठी किट बसवलं तीच गळायला लागली, तेव्हा माझा संयम सुटला.

फिटरकडे पहिली फेरी: लॅपटॉप जोडला, गॅसचा मॅप (किती गॅस सोडायचा त्याचा तक्ता) वर उचलला, गाडी झकास. तीन दिवस. दुसरी फेरी: तेच. तिसऱ्या फेरीनंतर सकाळी पेट्रोलवर सुरू करतानाही गाडी अडखळायला लागली. म्हणजे आधी फक्त गॅसवर रडत होती, आता दोन्हीवर.

इथपर्यंतचं महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं, तेव्हा शेवट "हे किट घेऊ नका" असा करणार होतो. ते आता मागे घेतो, निदान अर्धं.

दरम्यान एक स्वस्तातला स्कॅनर घेतला, फोनला जोडायचा. त्यातलं लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर शिकून इंधन किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा) बघितलं आणि कोडं सुटायला लागलं. गॅसचा कॉम्प्युटर स्वतःहून काही ठरवत नाही. पेट्रोलचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो, गॅसवाला तो वेळ घेऊन आपल्या हिशोबाने कमीजास्त करतो. एका सिलिंडरला गॅस कमी पडला की धुरात ऑक्सिजन उरतो, सेन्सर ओरडतो आणि पेट्रोलचा कॉम्प्युटर चारही सिलिंडरचं इंधन वाढवतो. माझ्याकडे ट्रिम अधिक 17 टक्क्यांवर गेलं होतं. फिटर मॅप उचलायचा तेव्हा आजारी सिलिंडरलाही पुरेसा गॅस मिळायचा, उरलेल्या तिघांना जास्त. मग तीन दिवसांत कॉम्प्युटर ते जास्तीचं शिकून पुन्हा कापायचा, आजारी सिलिंडर परत उपाशी. आणि हे शिकलेलं सगळं सकाळी पेट्रोलवरही लागू व्हायचं, म्हणून तिथलीही घडी बिघडली. तीन वेळा ट्यूनिंग केलं, आणि मूळ बिघाड होता तिथेच.

आधी प्लग काढले. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारा प्लग किंवा कॉइल गॅसवर उघडी पडते. माझ्या प्लगचं अंतर 1.1 मिलिमीटर होतं, फीलर गेज लावून 0.8 केलं. चढावर जोर दिल्यावर बसणारे झटके गेले. उभ्या गाडीची थरथर मात्र तशीच.

मग दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो, वयस्कर, लॅपटॉपला हातही न लावणारा. त्याने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, लाइनमधला गॅस संपू दिला आणि रेड्यूसरनंतरचा (टाकीतल्या द्रवाचा वायू करून दाब कमी करतो तो) गॅस फिल्टर उघडला. आतला कागद काळा, ओला, बोट लावलं तर चिकट. रेड्यूसरचा खालचा नट गरम इंजिनवरच सैल केला तर दोन चमचेभर तपकिरी तेल निघालं, वास असा की दिवसभर हाताला राहिला. हा गॅसमधून येणारा जड गाळ. "किती दिवस झाले बदलून?" असं त्याने विचारलं. मी गप्प. पुस्तिकेत 10,000 ला फिल्टर बदला असं छापलंय, आणि मी ती पुस्तिका चाळलीही नव्हती. सर्व्हिसचे पैसे वाचवले, म्हणजे काय केलं ते दिसत होतंच.

पण खरी मजा पुढे. फिल्टर बदलूनही तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग राहिलं. त्याने गॅसच्या रेलवर (चारही गॅस इंजेक्टर असलेली पट्टी) दोन आणि तीन नंबरच्या पायपा आणि त्यांचे सॉकेट आपसात बदलले आणि म्हणाला, "आता बघा फोनमध्ये." मिसफायरची नोंद तीनवरून दोनवर सरकली! म्हणजे प्लग निर्दोष, कॉइल निर्दोष, इंजिन निर्दोष. त्या गाळाने चिकटलेला एक इंजेक्टर गुन्हेगार. थंड असताना जास्त चिकटायचा, म्हणून सुरुवातीला फक्त सकाळी त्रास. एवढं करायला त्याला दहा मिनिटं लागली. मूळ फिटरने तीन फेऱ्यांत हे केलं नाही, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

रेल साफ करून उपयोग झाला नाही, नवीन टाकावी लागली. एकच इंजेक्टर बदलता आला असता, पण चौघांचा प्रवाह जुळलेला हवा, नाहीतर पुन्हा ट्रिमचा खेळ. वॉरंटीवरून फिटरशी अर्धा तास वाद. तो म्हणे फिल्टर तुम्ही बदलला नाही, मी म्हणे तीन वेळा आलो तेव्हा तुम्ही बघितला का? शेवटी रेलचे निम्मे पैसे त्याने सोडले. जुने ट्रिम पुसून त्याने नव्याने मॅप केला, तोही आता मन लावून, शांतपणे, गाडी चालवत बसून.

तीन आठवडे झाले. ट्रिम अधिक-उणे चारच्या आत आहे, वहीत आकडा पुन्हा 12. नव्या फिल्टरवर मार्करने किलोमीटर लिहून ठेवलेत. पेट्रोलची टाकी पाव भरलेली ठेवतो, सुरुवात त्यावरच होते. इंजिनच्या व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपासायचं राहिलंय, गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात म्हणतात, ते पुढच्या सर्व्हिसला नक्की.

काल गॅस भरला. चार हिरवे. दोनशे दहा किलोमीटर झाले, अजून चारच हिरवे.