इमेज फाइल उघडायचीय: लूप घ्यावा की एनबीडी?

हातात एक डिस्क-इमेज आहे आणि तिच्या पोटातली दोन-चार फोल्डर बाहेर काढायची आहेत. रास्पबेरी पायच्या कार्डाची कच्ची इमेज असेल, नाहीतर व्हर्च्युअल मशीनची क्यूकाउ२ फाइल. लिनक्सवर अशा फाइलला डिस्कचं सोंग द्यायचे दोन रुळलेले रस्ते आहेत. लूप, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली (कर्नलमधली) फाइलला डिस्क म्हणून दाखवणारी सोय, आणि एनबीडी, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस. दोन्हीकडे शेवटी डेव्ह फोल्डरमध्ये एक ब्लॉक नोड (डिस्कसारखी वागणारी खास फाइल) हाती येतो आणि तो माउंट करायचा, म्हणजे एखाद्या फोल्डरवर चढवायचा असतो. लूपचा मेजर नंबर (कर्नल ज्यावरून ड्रायव्हर ओळखतो तो) ७, एनबीडीचा ४३. साम्य इथपर्यंतच.

निम्मा निर्णय फाइलचा प्रकारच करून टाकतो. लूपला फक्त कच्चे बाइट कळतात. त्याला क्यूकाउ२ दिली तरी तो कुरकुरत नाही, नोड देऊन मोकळा होतो. पण ४० जीबीच्या डिस्कची फाइल आत्ता ३ जीबी भरली असेल, तर नोडही ३ जीबीचाच दिसतो आणि पार्टिशन एकही सापडत नाही. ‘इमेज खराब झाली’ असं समजून त्या नोडवर कुणी दुरुस्तीचं हत्यार चालवलं, तर ती मग खरोखरच खराब होते. क्यूकाउ२, व्हीएमडीके, व्हीडीआय यांची आतली मांडणी क्यूएमू-एनबीडीला समजते, कारण व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमूचाच तो भाऊबंद. तेव्हा असल्या फाइलींसाठी एनबीडी. त्यात वाद नाही.

कच्च्या इमेजसाठी मात्र मी डोळे झाकून लूप घेतो. तो कर्नलमध्येच चालतो, मध्ये वेगळी प्रोसेस नसते. एनबीडी मुळात नेटवर्कवरची डिस्क जवळ आणण्यासाठी बनलेला. इथे ‘पलीकडचं टोक’ म्हणजे आपल्याच मशीनवरची क्यूएमू-एनबीडीची प्रोसेस. ती मेली की माउंट केलेली फाइलसिस्टिम आय-ओ एरर ओकू लागते.

नोड मिळतो कसा, यातही फरक आहे. लिनक्स ३.१ पासून ‘लूप-कंट्रोल’ नावाचा नोड आहे. लोसेटअप या लूप जोडणाऱ्या कमांडला ‘एफ’ आणि ‘शो’ हे पर्याय दिले की मोकळा नोड शोधला जातो, नसला तर नवा तयार होतो, आणि त्याचं नाव छापून मिळतं. ते नाव व्हेरिएबलमध्ये धरायचं. माझ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये मी ‘लूप०’ असं ठोकून लिहिलं होतं. नव्या उबुंटूवर ते पहिल्याच दिवशी आपटलं, कारण तिथे स्नॅपची पॅकेजं लूपवरच माउंट होतात आणि सुरुवातीचे क्रमांक आधीच गेलेले असतात. चूक माझीच. एनबीडीचं मॉड्यूल लोड करताना मुळात १६ नोड एकदम तयार होतात, आणि त्यातला रिकामा कोणता हे क्यूएमू-एनबीडीला आपणच सांगायचं. सिस-ब्लॉक फोल्डरमध्ये त्या नोडच्या नावाखाली ‘पीआयडी’ फाइल दिसली तर तो व्यापलेला समजा. दोन स्क्रिप्ट एकाच वेळी धावणार असतील तर हा प्रकार डोक्याला ताप आहे.

पार्टिशनसाठी लोसेटअपला कॅपिटल ‘पी’ द्या, म्हणजे ‘लूप०पी१’ असे नोड आपोआप येतात. जुन्या लेखांत सापडणारं ऑफसेटचं (पार्टिशन कितव्या बाइटवर सुरू होतं त्याचं) गणित, २०४८ सेक्टर गुणिले ५१२ बाइट म्हणजे १०,४८,५७६, करत बसायची गरज उरत नाही.

खरी कसोटी मात्र आवराआवर करताना लागते. ‘माउंट’ला ‘लूप’ हा पर्याय देऊन चढवलेली इमेज अनमाउंट केली की नोड आपसूक सुटतो. हाताने जोडलेला हातानेच सोडायचा, आणि इथे एक खोच आहे. नोड वापरात असताना ‘लोसेटअप -डी’ चालवलं तर चूक दाखवली जात नाही. शेवटचा वापरकर्ता गेल्यावर सोडायचं, एवढी खूण ठेवून ते यशस्वी झाल्याचं सांगतं. म्हणून नंतर ‘लोसेटअप -ए’ने यादी पाहावी. तोवर फाइल डिलीट केली असेल तर नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं आणि डिस्कवरची जागा काही मोकळी होत नाही. एनबीडी उलट स्वभावाचा. वरची फाइलसिस्टिम माउंट असतानाच ‘क्यूएमू-एनबीडी -डी’ केलंत तर तो तिच्या पायाखालची जमीन काढून घेतो. आधी अनमाउंट, मगच डिस्कनेक्ट.

इमेजच्या आत एलव्हीएम (डिस्कची जागा गट करून वाटणारी व्यवस्था) असेल तर होस्टचं, म्हणजे आपल्या मूळ मशीनचं यूडेव्ह (नवी उपकरणं हाताळणारी सेवा) तिच्यातला व्हॉल्यूम ग्रुप बऱ्याचदा आपणहून चालू करतं. मग फाइलसिस्टिम उतरवली तरी एलव्हीएमच्या खालचा कर्नलचा डिव्हाइस मॅपर नोडला धरून बसलेला असतो. आधी ‘व्हीजीचेंज -एएन’ने ग्रुप बंद करा, त्यात ग्रुपचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर होस्टचे ग्रुपही त्यात येतात.

एका बाबतीत एनबीडीला पैकीच्या पैकी गुण. क्यूएमू २.१० पासून इमेजला कुलूप लावतं, त्यामुळे चालू मशीनची इमेज क्यूएमू-एनबीडी लिहिण्यासाठी उघडू देत नाही. लूप ही कुलपं पाहतच नाही. चालू मशीनची कच्ची इमेज त्याने बिनतक्रार जोडली आणि तुम्ही ती लिहिण्यासाठी माउंट केली, तर दोन कर्नल एकाच फाइलसिस्टिमवर लिहू लागतात. नुसतं पाहायचं असलं तरी आधी मशीन बंद करा आणि लूपला ‘फक्त वाचा’चा पर्याय द्या.

डॉकरच्या कंटेनरमध्ये (होस्टपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) डिस्क-इमेज बनवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कंटेनरचं डेव्ह फोल्डर वेगळं असतं. लोसेटअपने कर्नलकडून ‘लूप८’ मागितला तर नोड होस्टवर उगवतो, आत नाही, आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून एरर येते. कंटेनरला विशेषाधिकार असतील तर आत एमकेनोड कमांडने ब्लॉक ७, ८ (मेजर ७, मायनर ८) असा नोड स्वतः करायचा. पार्टिशनचे नोडही तसेच करावे लागतात.

आणि एखाददुसरीच फाइल हवी असेल, रूट व्हायची इच्छा नसेल, तर लिबगेस्टएफएस या डिस्क-इमेज उघडणाऱ्या लायब्ररीचं ‘गेस्टमाउंट’ बघा. ते सुरू व्हायला काही सेकंद घेतं, पण डेव्हमध्ये एकही नवा नोड येत नाही.