लेकीच्या बालवर्गाच्या परिसरभेटी: दहा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या पोरीला नाशिकला पंचवटीतल्या एका छोट्या शाळेच्या बालवर्गात घातलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीच्याही चार गोष्टी येणार आहेत आणि संचालक बाईंशी रोज गेटवर गाठ पडते. पोरगी तेव्हा चार पूर्ण. फी वर्षाची २८,००० रुपये, तीन हप्त्यांत. ही शाळा निवडली ती एकाच गोष्टीसाठी: दर आठवड्याला एक परिसरभेट, तीही पायी.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट फिरती. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी, त्यामुळे सोबतीचा पालक म्हणून माझी वर्णी लगेच लागते. वर्षभरात नऊ भेटींना गेलो. त्यामुळे हे जे लिहितोय ते ग्रुपवरचे फोटो बघून नाही, दोराचं शेवटचं टोक धरून पोरांमागे चालून लिहितोय.

दोराचं आधी सांगतो. जाड सुती दोर, त्याला हातभर अंतरावर रंगीत कापडाच्या कड्या. एकेका पोराने एकेक कडी धरायची. अठरा मुलं, दोन ताई, एक मावशी आणि दोन पालक. मालेगाव स्टँडच्या उतारावरून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायला मला दहा मिनिटं लागतात, या वरातीला पस्तीस. वाटेत शेळी आली की थांबा, कुणाच्या दारात रांगोळी दिसली की थांबा. सिंहस्थ जवळ आल्यामुळे जिकडे तिकडे खोदकाम, आणि जेसीबीसमोरून पोरं हलवणं हे एक वेगळंच काम. पहिल्यांदा मी वैतागलो. घाटावर पोहोचायचंय ना, मग इथे काय बघत बसलात? ताई म्हणाल्या, "दादा, घाट कुठे पळून जाणार आहे?" तिसऱ्या भेटीपर्यंत माझी घाई गेली.

नाशिककरांना दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रातली ती दोन तोंडांची मूर्ती, सांगायला नको. पूर मोजायची आपली पट्टी तीच. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण गावातला माणूस विचारतो मारुतीचं. या शाळेने वर्षभरात त्याच मारुतीकडे तीनदा नेलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाणी नावापुरतं होतं, पोरांनी मारुतीला दोन तोंडं का यावर वाद घातला आणि परत आली. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा अर्थातच नेलं नाही. मी कामावरून येताना लांबून व्हिडिओ काढून ताईंना पाठवला, कमरेला पाणी होतं. त्याच आठवड्यात एका मुलाच्या पणजी वर्गात येऊन १९६९ चा पूर सांगून गेल्या. आमची लेक घरी येऊन आजीला विचारत होती, "तुझ्या वेळी नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलेलं का?" आई माझ्याकडे बघायला लागली. ती निफाडकडची, तिला काय माहीत घाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचं!

मग सप्टेंबरात, पाणी उतरल्यावर दुसरी भेट. मी होतो बरोबर. घाटावरच्या एका भिंतीवर गाळाची रेघ होती, रेघेच्या वर भिंत स्वच्छ, खाली मातकट. ताईंनी सुतळी आणली होती. एका टोकाला मावशींनी जमिनीशी पाय दिला, ताईंनी रेघेपाशी गाठ मारली, आणि ती सुतळी गुंडाळून शाळेत आणली. वर्गाच्या भिंतीला उभी चिकटवली. मग प्रत्येक पोर सुतळीला पाठ लावून उभं. आमच्या पोरीच्या डोक्यावर अजून तीन विती उरल्या. "म्हणजे मी पाण्याच्या आत!" असं म्हणून तिने दोन्ही हातांनी नाक धरलं. माझं आयुष्य व्हर्निअर आणि हाइट गेजवर चाललंय, गेल्या पंधरा वर्षांत किती मापं घेतली त्याला गणती नाही. पण माप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी आणता येतं ही गोष्ट मला आयटीआयला कळली, हिला साडेचारव्या वर्षी. जानेवारीतल्या तिसऱ्या भेटीत रेघ पुसट झाली होती, तर पोरं ती शोधत होती.

मला यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे तीच जागा पुन्हा. फेब्रुवारीत बसने सहल काढली होती, दिंडोरी रोडला द्राक्षबागेवर, ६५० रुपये वेगळे. येता-जाता दोन तास बस, दोन मुलांना उलट्या, बागेत पाऊण तास. आठवड्याने विचारलं तर पोरीला आठवत होता तिथला झोपाळा. द्राक्षांचं काही नाही. नाशिकच्या पोराला द्राक्षं बघायला ६५० रुपये मोजायचे, हाही एक विनोदच.

दुसरी गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात वर्गात काय होतं. भेट नुसती भेट राहिली तर ती फिरणं. बुधवारच्या बाजाराचं उदाहरण घ्या. गोदाघाटावरचा आठवडे बाजार शाळेपासून पायी अंतरावर. आदल्या दिवशी वर्गात भाज्यांची नावं, दहाची नोट कशी दिसते, बाईशी बोलायचं कसं. बाजारात प्रत्येकाला दहा रुपये. आमचीने मेथीची जुडी घेतली, शेजारच्या मुलाने गवारीचा वाटा. मग पोरगी भाजीवाल्या मावशींना म्हणाली, "वजन नाही केलं?" त्या हसून म्हणाल्या, "जुडीला कशाचं गं वजन!" वाटा, जुडी, डझन आणि किलो या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पोरीला त्या मिनिटाला कळलं, आणि पुढचे पंधरा दिवस वर्गाच्या कोपऱ्यात दुकान चाललं. तराजू, दगडांची वजनं, कागदाच्या नोटा. घरीही. मला कांद्याचा वाटा दोनदा विकत घ्यावा लागला, आमच्याच टोपलीतला.

तांबट लेनची भेट मला स्वतःला आवडली. गाडगे-मडकी, पितळ-तांबं आमच्या आईच्या पिढीचं, आता घरात सगळं स्टील आणि नॉनस्टिक. शाळेने सांगितलं होतं, घरात पितळेचं पातेलं असेल तर द्या, कल्हई करून घेऊ. आईने माळ्यावरून एक काढून दिलं. कल्हईवाल्या काकांनी पातेलं तापवलं, आत नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर. पोरं लांब उभी केली होती ते बरं, धुराने डोळे झोंबतात. मग कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवली. काळं-पिवळं पातेलं डोळ्यांदेखत आतून चंदेरी. अठरा पोरं, आणि त्या क्षणी एकाचाही आवाज नाही. घरी आल्यावर लेकीने रॅकमधलं प्रत्येक भांडं आतून तपासलं. आजीने त्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली आणि सांगितलं, कल्हई नसती तर आंबट यात करता आलं नसतं, कळकतं. वर्गात कल्हई शिकवायची म्हटली तर इतकं सगळं कुणी शिकवलं असतं?

पोस्ट ऑफिसची भेट थोडक्यात. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर मुलाने चित्र काढायचं, पत्ता ताईंनी लिहायचा, पेटीत टाकायचं स्वतः. पेटीचं तोंड उंच, म्हणून सगळ्यांना कडेवर घ्यायचं काम माझं. शाळेपासून एक किलोमीटरवरच्या आमच्या घरी ते कार्ड सहाव्या दिवशी आलं. ते सहा दिवस रोज संध्याकाळी "आलं का?" माझे मेहुणे नाशिकरोडला प्रेसमध्ये आहेत, टपाल तिकिटं तिथेच छापतात, तर या पोरीला वाटतं मामानेच कार्ड अडवून ठेवलं होतं.

आता जरा अवघड प्रसंग. जानेवारीत घाटावर गेलो तेव्हा रामकुंडावर गर्दी होती. डोकं भादरलेले लोक, पिंडं, कावळे, आणि एक कुटुंब अस्थी सोडत होतं. आपल्या गावात हे रोजचं, पण चार-पाच वर्षांची पोरं अगदी समोर. एकाने विचारलंच, "ते काका पाण्यात काय टाकतायत?" मी मनात म्हटलं, आता ताई विषय बदलणार. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या घरातलं कुणीतरी वारलं. त्यांची राख आहे ती. ते त्यांना नमस्कार करून पाण्यात सोडतायत. आपण हळू बोलूया." पोरं हळू बोलली. पुढचा प्रश्न कावळ्याच्या चोचीचा होता. संध्याकाळी ग्रुपवर एका आईने बराच लांब मेसेज टाकला, लहान मुलांना असलं दाखवू नका म्हणून. चार जणांनी अंगठा दिला. मी त्यांना दोष देत नाही, पण माझं मत ताईंच्या बाजूने. आमच्या पोरीने त्या रात्री एवढंच विचारलं की आबांची राख पण इथेच आहे का. आहे. सांगितलं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

दिवाळीनंतर त्या ताई लग्न ठरल्यामुळे दोन महिने नव्हत्या. त्या काळात परिसरभेटी बंद. आठवड्याला एक भेट असं सांगून फी घेतली होती, आणि दोन महिने पोरं वर्गात वर्कशीट रंगवत बसली. विचारलं तर उत्तर, "नवीन स्टाफला पोरं बाहेर न्यायची सवय नाही." म्हणजे सगळी पद्धत एका माणसावर उभी आहे. आमच्या कंपनीत असं असतं तर ऑडिटमध्ये लाइन बंद झाली असती. फीमधून एक रुपया कमी नाही.

मार्चमधली भेट उन्हात काढली. निघायला साडेदहा वाजले, परत येईपर्यंत साडेबारा, एका मुलाला रस्त्यातच उलटी झाली आणि चक्कर आली. पाणी होतं, छत्री नव्हती, आणि रिक्षा शोधण्यात दहा मिनिटं गेली. त्यानंतर आठला निघायचा नियम झाला. तो जूनपासूनच का नव्हता?

आणि फोटो. प्रत्येक भेटीची पहिली दहा मिनिटं बॅनर उघडून फोटो काढण्यात. ग्रुपवर एका भेटीचे ८६ फोटो आले आहेत, मी मोजले. इथपर्यंत ठीक. पण आमच्या पोरीचा चेहरा शाळेच्या फेसबुक पानावर, प्रवेश सुरू असल्याच्या जाहिरातीत. न विचारता. काढा म्हटल्यावर निघायला तीन दिवस लागले. आता मी शाळेला लेखी दिलंय, फोटो टाकू नका म्हणून.

पहिल्या पालकसभेत पडद्यावर बरंच काही दाखवलं होतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर वगैरे, ते खरंच आहे. पण त्यावर मोठ्या अक्षरांत "परदेशी शिक्षणपद्धत" असंही होतं. हे वाचून हसू आलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काय केलं होतं मग? मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरं घेऊन गेलं तर कुरणात. पालघर काही परदेशात नाही. असो, जाहिरात ती जाहिरात.

राहिला प्रश्न लिहिण्या-वाचण्याचा, कारण मला भेटणारा प्रत्येक पालक हाच विचारतो. आमच्या इमारतीतला त्याच वयाचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो आणि शंभरपर्यंत आकडे लिहितो. आमची एकोणतीसपर्यंत म्हणते आणि तिथून थेट चाळीसवर उडी मारते. अक्षरं सात-आठ येतात, तीही बहुतेक पाट्यांवरून: दवाखान्याचा द, बससाठी ब. आई डिसेंबरपर्यंत रोज एकदा म्हणायची, "पोरीला अजून अ आ इ येत नाही, नुसती फिरवून आणतात." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्यांना पहिलीला दुसऱ्या शाळेत प्रवेश घ्यायचाय आणि तिथे तोंडी परीक्षा होणार आहे, त्यांनी हा विचार करूनच यावं. घरी थोडं बसावं लागतं. आम्ही बसतो, वीस मिनिटं, जेवणाआधी.

पण परवा भेळ आणली होती. चार माणसं, एक पुडा. पोरीने चार वाट्या मांडल्या, चमच्याने एकेक घालत गेली, शेवटी दीड चमचा उरला तर म्हणाली, "हा आजीला, तिला दात नाहीत, तिला हळू लागतं."

पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता भरलाय. भरताना तीन गोष्टी विचारल्या: ताई आहेत का, आठला निघणार का, फोटो टाकणार नाही हे लेखी मिळेल का. पहिल्या दोन्हींना हो, तिसरं "बघू". पुन्हा विचारणार आहे.

तुम्ही घालणार असाल तर एवढंच करा. पट्टीला वेलक्रो असलेले सँडल घ्या, बंदांचे बूट नको. बुधवारच्या बाजारात बंद सुटला की अख्खा दोर थांबतो, आणि मागच्या टोकाला उभ्या असलेल्या बापाला वाकून बांधावा लागतो. माझ्या वाट्याला एका फेरीत पाच वेळा आला.