बोर्डाच्या पेटीतला टीव्ही गेम: दिवाळी ते पोळा वापरून काय कळलं

गेल्या दिवाळीत टीव्हीला जोडायचा जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम उघडला आणि त्याचा हातात धरून खेळायचा सेट बनवला. पोळा झाला, अजून रोज चालू आहे. असा सेट कसा बनवायचा याचे व्हिडिओ ढिगाने मिळतात. बनवून झाल्यावर तो आपल्याकडचा उन्हाळा, पावसाळा आणि घरातले पोट्टे यांच्या तडाख्यातून कसा निघतो, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

मत आधीच सांगून टाकतो. नुसतं खेळायचं असेल तर बनवायच्या भानगडीत पडू नका. चारशे गेमवाला तयार सेट पाचसहाशे रुपयांत मिळतो, खिशात मावतो आणि दिसायलाही बरा असतो. माझ्या सेटला तेवीसशेच्या आसपास लागले आणि तो खिशात काय, पँटच्या पट्ट्यातही मावत नाही. पण भाच्याचा तयार सेट होळीच्या आधीच बंद पडला. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावातून तो परत कुठे पाठवायचा? तो फडताळात पडून आहे. माझ्याही सेटमध्ये या काळात तीन गोष्टी बिघडल्या, आणि तिन्ही तालुक्याच्या बाजारातून सामान आणून त्याच संध्याकाळी दुरुस्त झाल्या.

आत काय आहे ते थोडक्यात. नव्वदीत आपल्याकडे जे टीव्ही गेम घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या टीव्ही गेमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानात 15 जुलै 1983 ला विक्रीला आला. त्यात प्रोसेसर वेगळा आणि चित्र तयार करणारी चिप वेगळी होती. पुढे नकला करणाऱ्यांनी सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकला. आपल्या कामासाठी हे फार सोयीचं, कारण पूर्ण पीसीबी, म्हणजे सर्किटची प्लेट, तळहाताएवढीच असते, काही कापावं लागत नाही. परदेशातले हौशी लोक 2006 च्या निन्टेंडो वी या गेमचा मदरबोर्ड कापून अर्ध्याहून लहान करतात. ते आपलं काम नव्हे. या छंदाला ओळख मिळवून देणाऱ्यांपैकी बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी 2000 साली अटारी 2600 हा जुना टीव्ही गेम हातात मावेल असा केला होता. सेगा कंपनीने तर 1995 मध्ये स्वतःच आपल्या घरगुती कन्सोलचा हातातला सेट काढला, नोमॅड नावाचा. त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते दोनतीन तासांत बसायचे. अडचण तेव्हाही बॅटरीची होती, आजही बॅटरीचीच आहे. म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

जुना गेम 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, पण आत लागतात 5 च व्होल्ट. मधले 4 व्होल्ट 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर नुसते तापण्यात घालवतो. भिंतीच्या लाइटवर ते खपून जातं, सेलवर नाही. मी 7805 काढून टाकला आणि 18650 आकाराचे, चार्ज होणारे दोन लिथियम सेल समांतर जोडून व्होल्ट वाढवणाऱ्या बूस्ट मॉड्यूलने थेट 5 व्होल्ट दिले. जोडण्याआधी दोन्ही सेलचे व्होल्ट मीटरवर सारखे करून घ्या, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात जोराने करंट ढकलतो. पूर्ण सेट माझ्या मीटरवर 5 व्होल्टला साधारण 0.6 अँपिअर खातो, म्हणजे 3 वॅट. 2600 एमएएच क्षमतेचे दोन सेल धरले तर मॉड्यूलची गळती वजा जाता कागदावर पाचसाडेपाच तास निघतात. प्रत्यक्षात साडेचार ते पाच तास मिळाले, आणि दहाएक महिन्यांत त्यात फारसा फरक नाही.

सेल घेताना डोळे उघडे ठेवा. ऑनलाइन 9800 लिहिलेले सेल स्वस्तात दिसतात. या आकाराच्या चांगल्या सेलची मजल 3500 च्या आसपासच असते, मग 9800 कुठून येणार? चांगला सेल 45 ग्रॅमच्या आगेमागे भरतो. मी सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहिले. एका दुकानातून आलेली जोडी इतकी हलकी निघाली की सोनारच म्हणाला, "भाऊ, यात मालच नाही." ती परत केली आणि नागपूरला गेलो तेव्हा बर्डीवरून दुसरी आणली.

चार्जिंगला टीपी4056 ची छोटी पट्टी आहे, संरक्षण चिप असलेली. ती जास्तीत जास्त 1 अँपिअर देते, म्हणून पूर्ण भरायला सहा तास धरा. एक काम नक्की करा: असं बटण लावा की एका बाजूला चार्जिंग आणि दुसऱ्या बाजूला खेळ, दोन्ही एकाच वेळी नाही. खेळता खेळता चार्ज केलं तर त्या पट्टीला सेल भरला कधी हेच कळत नाही. पोरं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

आता उन्हाळा. या प्रकारच्या सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादा साधारण 45 अंश दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तेवढं तर सावलीतच असतं, आणि टिनाखाली किती असेल ते सांगायला नको. म्हणून एप्रिल-मेमध्ये हा सेट फक्त रात्री लावायचा, तोही जमिनीवर. माठाशेजारी ठेवतो. मायचं म्हणणं, "आता मशिनीलेही माठाचं पाणी पाजतं का?"

उन्हाळ्याने दुसरा दणका दिला तो हॉट ग्लूला. व्हिडिओत सगळे जण गनने भसाभसा ग्लू ओतताना दिसतात. थंड देशात ते टिकत असेल. इथे मेच्या पहिल्याच आठवड्यात ग्लू मऊ पडला आणि स्क्रीन आतल्या आत एका कोपऱ्याकडे घसरली. आता स्क्रीन पितळी स्टँडऑफ (आट्यांचे छोटे खांब) आणि स्क्रूवर आहे, ग्लूचा थेंबही नाही. बाहेरची पेटी म्हणजे इलेक्ट्रिशियन लाइटचं बोर्ड बसवायला वापरतात ती पीव्हीसीची, आठ बाय सहाची. वरचं झाकण हायलम शीटचं, हॅक्सॉने कापून कानशीने घासलेलं. ओबडधोबड दिसतं हे मान्य. पण ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून दोनदा खाली आली तरी पेटीला तडा गेला नाही.

स्क्रीन कारच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची, 4.3 इंची. कार डेकोरच्या दुकानात मिळते. पिवळ्या पिनचा व्हिडिओ तशीच घेते, त्यामुळे गेमचा सिग्नल बदलावा लागत नाही. लिहिलेलं असतं 12 व्होल्ट, पण माझ्या स्क्रीनच्या पीसीबीवर आत शिरताच ते 5 वर उतरवले जात होते. तो टप्पा ओलांडून सरळ 5 व्होल्ट दिले. तुमच्या स्क्रीनवर हे करण्याआधी मीटर लावून खात्री करा. तक्रारी दोन. स्क्रीन रुंद आहे आणि गेमचं चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं, त्यामुळे मारिओ आडवा फुगतो. सवय होते, पण मला अजून खटकतं. आणि उन्हात काहीच दिसत नाही, अंगणातसुद्धा नाही. सुरुवातीला तिरप्या रेघाही धावायच्या. तो बूस्ट मॉड्यूलचा गोंगाट. त्याच्या आउटपुटवर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि स्क्रीनची ग्राउंड वायर थेट मॉड्यूलपासून वेगळी ओढली, तेव्हा रेघा गेल्या.

बटणांवर मी सगळ्यात खूश आहे. गेमसोबत दोन रिमोट येतात. एकाची प्लेट अखंड ठेवून डावीकडे बसवली, कारण चार दिशांचं बटण आणि रिमोटची चिप तिच्यावरच आहे. दुसऱ्याचा ए-बी वाला तुकडा कापून उजवीकडे लावला. प्रत्येक बटण दाबलं की आपली लाइन ग्राउंडला टेकवतं, एवढाच त्याचा कारभार. त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये तीनच वायरी: ए, बी आणि ग्राउंड. अखंड प्लेटपासून मुख्य पीसीबीकडे पाच: 5 व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, लॅच आणि डेटा. रबर तेच जुनं, त्यामुळे दाबताना हाताला तीच ओळख लागते. मोबाइलच्या काचेवर उडी मारताना अंगठा घसरतो, इथे घसरत नाही. श्रावणात ए बटण अडखळायला लागलं. उघडून कार्बनचा पट्टा खोडरबरने हलका पुसला, झालं.

कॅसेटचा खाचा हा या सेटचा कच्चा दुवा. 60 पिनांची कॅसेट मागून बाहेर डोकावते आणि धक्का लागला की गेम पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात हे वाढलं. लहानपणी आपण सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारायचो, पण त्याने तोंडाची ओल तांब्यावर बसते आणि पुढे काजळी धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, नाहीतर खोडरबर. काही लोक कॅसेटची प्लेट खाच्यालाच सोल्डर करून टाकतात. मग तीच एक कॅसेट जन्मभर. मला ते पटत नाही. बंदुकीचा बदकांचा गेम मात्र विसरा. ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टायमिंगवर चालते, एलसीडीवर नेम लागतच नाही.

सगळ्यात जास्त उपयोग जागलीला झाला. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी रात्र शेतात काढावी लागते. आमच्या धुऱ्यावर रेंज नाही, आणि मोबाइलची बॅटरी अडीअडचणीच्या फोनसाठी राखावी लागते. बारा ते तीनची झोप घालवायला हा सेट कामी आला. आवाज बारीक ठेवायचा आणि इअरफोन अजिबात लावायचा नाही, नाहीतर रोही तुरीत शिरलेलं कळायचं नाही. शेजारच्या शेतातले काका पहिल्या रात्री उजेड पाहून आले. "काय करून रायला रे?" म्हणून विचारलं, आणि मग स्वतःच तास दीड तास खेळत बसले. रोही या आवाजाला भीत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका राजेहो.

खर्चाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त पैसे स्क्रीनला गेले. त्याखालोखाल सेल. चार्जिंगची पट्टी, बूस्ट मॉड्यूल आणि आवाजाचा पीएएम8403 अ‍ॅम्प्लिफायर मिळून दोनशेच्या आत. पेटी आणि हायलम किरकोळ. सोल्डरिंग आयर्न आणि मीटर माझ्याकडे आयटीआयच्या काळापासून होते. नसतील तर तो खर्च वेगळा धरा.

सोल्डरची सवय नसलेल्याने लिथियम सेलपासून सुरुवात करू नये. त्याने आधी एखादा पॉवर बँक घ्यावा आणि त्याचे 5 व्होल्ट गेमला द्यावेत. पेटी मोठी होईल, पण जिवाला घोर नाही. माझ्या सेटमध्ये दसऱ्यापर्यंत दोन बदल करायचे आहेत: जुन्या आकाराची चौकोनी स्क्रीन मिळाली तर ती बसवायची, आणि दुसऱ्या रिमोटचं पोर्ट बाजूला बाहेर काढायचं. पोर्टसाठी भोक पाडून झालंय. स्क्रीनसाठी यवतमाळला दोन दुकानांत सांगून ठेवलंय.