वाटपाचा निकाल लागला की दारात येणारा ‘कमिशनरचा माणूस’

वाटपाच्या दाव्यात निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून लगेच पेढे वाटू नका. लुटणारे त्यानंतरच येतात. आईच्या माहेरच्या जमिनीत आमच्याकडे हेच झालं.

दिंडोरी तालुक्यातला एकच गट, वडिलोपार्जित, 1 हेक्टर 62 आर. निम्म्यात द्राक्षबाग, बाकी जिरायत, मध्ये विहीर, आणि एक बाजू डांबरी रस्त्याला लागून. खरं भांडण त्या रस्त्याच्या बाजूचं. आई, दोन मावश्या आणि मामा असे चार वारस. ‘बहिणींना लग्नात दिलं की सगळं,’ हे मामाचं म्हणणं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 ला सांगितल्यावर ते कोर्टात टिकणार नव्हतंच. नाशिकला प्राथमिक हुकूमनामा झाला, चौघांना पाव-पाव हिस्सा.

पण कोणता तुकडा कुणाचा, हे या हुकूमनाम्यात नसतं. ही मधली जागा ठगाला बरोबर माहीत असते.

थोरल्या मावशीकडे पंचवटीत एक गृहस्थ आले. बगलेत फाइल, खिशाला दोन पेनं. "ताई, हिस्सा ठरला, पण तुकडा कमिशनर साहेब ठरवणार. फाइल आपल्याच टेबलावर आहे." कमिशनर म्हणजे अशा कामासाठी कोर्टाने नेमलेला माणूस. दाव्याचा नंबर, पुढची तारीख, चौघांची नावं त्यांना तोंडपाठ. म्हणजे माणूस कोर्टातलाच, असं कुणालाही वाटेल. खरं तर ही माहिती ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकलं की कुणालाही मिळते.

आधी ‘कमिशनर फी’ 40 हजार, मग ‘मोजणी फी’ 35 हजार, आणि रस्त्याची बाजू मिळावी म्हणून ‘वरचे’ 75 हजार. काही रोख, काही यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बदल्यात मावशीच्या हातात नकाशा आला. चार रंगांत चार तुकडे, रस्त्याकडचा हिरवा, त्यावर मावशीचं नाव. खाली जांभळा गोल शिक्का, ‘कोर्ट कमिशनर’. नाव नाही, तारीख नाही, मोजणी रजिस्टरचा नंबर नाही. मी चारही तुकड्यांचे आर जोडून पाहिले तर बेरीज 171 आली. सातबाऱ्यावर 162. नऊ आर जमीन साहेबांनी स्केचपेनने निर्माण केली होती!

बिंग फुटलं ते रामकुंडावर, एका नातेवाइकाच्या दशक्रियेला. दावा लागल्यापासून मामा आणि मावशी बोलत नव्हते. त्या दिवशी मामाने टोमणा मारला, "रस्त्याची बाजू विसरा आता, माझ्या नावावर नकाशा झालाय." मावशीने घरी जाऊन स्वतःचा आणला. तोच शिक्का, तेच रंग, फक्त हिरव्या तुकड्यावर मामाचं नाव. मामाकडून तर जास्तच उकळले होते. भावाबहिणींत अबोला आहे, तोवर अशा माणसाचं दुकान जोरात चालतं.

आता खरी पद्धत काय, ते सांगतो. शेतसारा बसणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. म्हणजे कागद कोर्टातून महसूलकडे जातात आणि मोजणी भूमी अभिलेखवाले करतात. मोजणीची नोटीस हिस्सेदारांना येते. फी चलनाने भरायची, पावती घ्यायची. रस्ता, विहीर, जमिनीचा कस यावर हरकत असेल तर ती लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. घर, बिनशेती जागा असेल तर कोर्ट वाटपासाठी कमिशनर नेमू शकतं, पण ते लेखी आदेशाने, आणि फीची रक्कमही कोर्टाच्या आदेशानेच ठरते. ‘कमिशनरकडून आलोय’ म्हणणाऱ्याला सरळ सांगा, आदेशाची नक्कल दाखवा. शंका राहिली तर आपल्या वकिलाला फोन करून त्याच्या समोरच विचारा. खोटा माणूस तेवढ्यात उठतो.

स्टॅम्प पेपरवर ‘नुसती संमती’ म्हणून सही मागितली तर मात्र दुप्पट सावध व्हा. धाकट्या मावशीकडे असा कागद आला होता. तिने मुलाकडून वाचून घेतला तेव्हा कळलं, आत मुखत्यारपत्राचा, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा मजकूर होता. सही केली नाही, म्हणून ती वाचली.

पोलिसांत गेलो तर आधी "हा दिवाणी वाद आहे" असंच ऐकायला मिळालं. मग मामा आणि मावशी एकत्र गेले, दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले, यूपीआयच्या नोंदी छापून दिल्या, तेव्हा तक्रार घेतली. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318. पैसे अजून एक रुपया परत आलेला नाही. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा मावशीच्या वहीतल्या नोंदीपलीकडे काही नाही, आणि वकील म्हणतात, तेवढा भाग सिद्ध करणं जड जाईल.